कोशंट सिंग्युलॅरिटी मॉड्युलाय स्पेसने सुटते म्हणजे नेमकं काय होतं?

टोकदार:
मंडळी, एक प्रश्न बरेच दिवस डोक्यात अडकून बसलाय म्हणून धागा काढतोय. सगळ्यात साधं उदाहरण घेतो. सी२ म्हणजे दोन कॉम्प्लेक्स मितींचं सपाट अवकाश, त्यावर दोनच घटकांचा ग्रुप, (एक्स, वाय) चं (उणे एक्स, उणे वाय) करणारा. कुठलाही बिंदू प आणि उणे प हे एकच मानले की जे उरतं (यालाच कोशंट म्हणतात) त्यावरची फंक्शन्स एक्सवर्ग, एक्सवाय आणि वायवर्ग या तिघांपासून बनतात. त्यांना यू, व्ही, डब्ल्यू म्हटलं तर यू गुणिले डब्ल्यू बरोबर व्हीवर्ग, म्हणजे शंकू, आणि शंकूचं टोक ही सिंग्युलॅरिटी, म्हणजे गुळगुळीत नसलेली जागा. टोकाला एकदा ब्लो-अप केलं (बिंदू काढून त्याच्या जागी तिथल्या दिशा बसवल्या) की तिथे एक पी१ (प्रोजेक्टिव्ह रेषा) येतो, त्याचा सेल्फ-इंटरसेक्शन नंबर उणे २, आणि सगळं गुळगुळीत होतं. हे मी हाताने करून पाहिलंय.

पण आता जे वाचतोय त्यात म्हटलंय की हेच रेझोल्यूशन (सिंग्युलॅरिटी सोडवून मिळालेली गुळगुळीत जागा) म्हणजे एक मॉड्युलाय स्पेस आहे (जिचा प्रत्येक बिंदू म्हणजे एकेक गणिती वस्तू), जी-हिल्ब नावाची, आणि तिचे बिंदू म्हणजे आयडियल्स, ठरावीक बिंदूंवर शून्य होणाऱ्या फंक्शन्सचे संच. व्याख्या पाठ झालीये, समजली नाहीये. आयडियल्सच्या ढिगाऱ्याला शंकूचं टोक कसं सोडवायचं हे कुठून कळतं? आणि हिरोनाकाने १९६४ मध्येच दाखवलंय की कॅरेक्टरिस्टिक शून्य असेल तर कुठलीही सिंग्युलॅरिटी सुटतेच, मग हा वेगळा खटाटोप कशासाठी?

ध्रुवतारा:
व्याख्या क्षणभर बाजूला ठेव आणि एवढंच विचार कर की कोशंटचा एक बिंदू म्हणजे काय. तो एक ऑर्बिट आहे, म्हणजे ग्रुप एका बिंदूला जिथे जिथे नेतो ते सगळे बिंदू, तुझ्या उदाहरणात दोन बिंदूंची जोडी, प आणि उणे प. टोक सोडून सगळीकडे ही जोडी खरोखर दोन वेगळ्या बिंदूंची असते. टोकाला काय होतं, तर दोन्ही बिंदू एकमेकांवर आदळून एक होतात, आणि आपण नुसतं "शून्य" असं लिहून मोकळे होतो, ते कुठल्या दिशेने येऊन आदळले ही माहिती आपण स्वतःच फेकून देतो. सिंग्युलॅरिटीचं मूळ मला तरी या फेकलेल्या माहितीत दिसतं.

आता जोडी आयडियलच्या भाषेत लिही. प जर (स, त) असेल तर त्या दोन्ही बिंदूंवर शून्य होणारी फंक्शन्स म्हणजे त·एक्स वजा स·वाय, एक्सवर्ग वजा सवर्ग, एक्सवाय वजा सत, वायवर्ग वजा तवर्ग, यांनी बनलेलं आयडियल. दिशा तीच ठेवून प ला शून्याकडे ने. बाकीचे तिन्ही नुसते एक्सवर्ग, एक्सवाय, वायवर्ग होतात, पण पहिलं त·एक्स वजा स·वाय हे तसंच्या तसं राहतं! त्यात फक्त स आणि त यांचं गुणोत्तरच महत्त्वाचं आहे, आणि गुणोत्तर म्हणजे पी१ चा एक बिंदू. म्हणजे टोकाच्या जागी जो पी१ तुला ब्लो-अप करून मिळाला तोच इथे आपोआप आलाय, "ते दोन बिंदू कुठल्या दिशेने भेटले" याचं उत्तर म्हणून.

याला जी-क्लस्टर म्हणतात: ग्रुपने न बदलणारं आयडियल, ज्याचा कोशंट रिंग (आयडियलमधलं सगळं शून्य मानून उरणारी फंक्शन्स) ग्रुपचं रेग्युलर रिप्रेझेंटेशन असतो (रिप्रेझेंटेशन म्हणजे ग्रुप ज्यावर काम करतो ते व्हेक्टर स्पेस), म्हणजे प्रत्येक इरिड्यूसिबल, म्हणजे आणखी न फुटणारं रिप्रेझेंटेशन, आपल्या डायमेन्शनइतक्या वेळा येतं. खऱ्याखुऱ्या मोकळ्या ऑर्बिटवरची फंक्शन्स तशीच असतात, म्हणून आदळलेल्या ऑर्बिटकडूनही तीच अट मागायची. जी-हिल्ब म्हणजे अशा सगळ्या क्लस्टर्सचं अवकाश, बस.

टोकदार:
हे इतकं सरळ आहे? गुणोत्तर उरतं हे वाचून मी उठून वहीत परत करून पाहिलं, खरंच तसंच येतंय. पण हे गुळगुळीत का? या उदाहरणात डोळ्यांनी दिसतंय, पण कुठल्याही ग्रुपसाठी का असावं?

ध्रुवतारा:
दोन मितींत याचं उत्तर फार देखणं आहे. फोगार्टीने १९६८ मध्ये दाखवलं की गुळगुळीत सरफेसवरच्या एन बिंदूंची हिल्बर्ट स्कीम (आदळलेल्या बिंदूंसकट एन बिंदूंच्या सगळ्या गठ्ठ्यांचं अवकाश) स्वतः गुळगुळीत असते. आता एन म्हणजे ग्रुपची ऑर्डर घे. ग्रुप सी२ वर काम करतो म्हणून त्या हिल्बर्ट स्कीमवरही काम करतो, आणि जी-क्लस्टर्स हे तिथले स्थिर बिंदू आहेत. कॅरेक्टरिस्टिक शून्य असताना फायनाइट ग्रुप गुळगुळीत जागेवर काम करत असेल तर स्थिर बिंदूंचा संचही गुळगुळीत असतो. झालं, गुळगुळीतपणा फुकट मिळाला. इटो आणि नाकामुरा यांनी १९९६ मध्ये याच वाटेने एसएल२ (डिटर्मिनंट १ असलेल्या २×२ मॅट्रिक्सचा ग्रुप) मधल्या सगळ्या फायनाइट सबग्रुप्ससाठी दाखवलं की जी-हिल्ब हे मिनिमल, म्हणजे गरजेपुरतंच सोडवणारं, रेझोल्यूशन आहे. त्यांच्या आधी याच जागा रेझोल्यूशन म्हणून माहीत होत्या, पण ऑर्बिटच्या आदळण्याची अवकाशं म्हणून कोणी त्यांच्याकडे असं बघितलं नव्हतं.

जुनी वही:
इथे थोडा मागचा इतिहास जोडतो, त्याशिवाय या विषयाची खरी गंमत कळत नाही असं मला वाटतं. एसएल२ चे फायनाइट सबग्रुप क्लाइनच्या काळापासून माहीत आहेत, आयकोसाहेड्रनवरचं त्याचं लिखाण १८८४ चं. सायक्लिक, बायनरी डायहेड्रल, आणि मग तीन खास, ऑर्डर २४, ४८ आणि १२०. १२० वाल्याचा कोशंट म्हणजे एक्सवर्ग अधिक वायघन अधिक झेडचा पाचवा घात बरोबर शून्य हा सरफेस. १९३४ मध्ये द्यू व्हालने या सिंग्युलॅरिटीज वेगळ्याच कारणाने अभ्यासल्या, सोडवल्यावर येणाऱ्या पी१ कसे एकमेकांना छेदतात याचं चित्र काढलं (प्रत्येक पी१ चा एक ठिपका, छेद असेल तिथे रेषा) की डिंकिन डायग्रॅम मिळतो, ए, डी, ई या प्रकारांतला एक.

मग १९८० मध्ये जॉन मॅकेचं निरीक्षण छापून आलं. त्याने भूमितीला हातच लावला नाही. ग्रुपची सगळी इरिड्यूसिबल रिप्रेझेंटेशन्स घेतली, प्रत्येकासाठी एक ठिपका, आणि प्रत्येकाला त्या मूळ दोन मितींच्या रिप्रेझेंटेशनने गुणून जे घटक निघतात त्यांना रेषा जोडल्या. निघालं काय, तर तोच डिंकिन डायग्रॅम, फक्त ट्रिव्हियल रिप्रेझेंटेशनचा एक ठिपका जास्त! १२० वाल्या ग्रुपची नऊ इरिड्यूसिबल्स आहेत, डायमेन्शन १, २, ३, ४, ५, ६, ४, २, ३, यांच्या वर्गांची बेरीज करून बघा बरोबर १२० येते. ट्रिव्हियल सोडलं तर आठ, आणि तिकडे सिंग्युलॅरिटी सोडवल्यावर येणारे पी१ पण आठ, ई८ मध्ये मांडलेले. एकीकडे टेबलातली कॅरेक्टर्स आणि एकीकडे वक्रांची छेदनं, या दोन गोष्टींनी एकमेकांना ओळखायचं कारणच काय? मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा रात्री झोप आली नव्हती हे प्रामाणिकपणे सांगतो.

१९८३ मध्ये गोन्झालेझ-स्प्रिनबर्ग आणि व्हेर्दिए यांनी भूमितीतून खरा पूल बांधला, प्रत्येक रिप्रेझेंटेशनला रेझोल्यूशनवर एक व्हेक्टर बंडल (प्रत्येक बिंदूवर एकेक व्हेक्टर स्पेस) दिलं. १९८९ मध्ये क्रोनहायमरने हीच अवकाशं हायपरकेलर कोशंट म्हणून बांधली, तेही एका अर्थी मॉड्युलायच.

संततधार:
सगळं मान्य, पण थोडा विरोध नोंदवतो. ग्रुप अबेलियन असेल तर टोरिक भूमिती आहे ना, जागा बिंदूंच्या जाळीवरच्या चित्राने मांडणारी. लॅटिस (ती जाळी) काढा, कोन (इथे शंकू या अर्थाने) तोडा, दोन ओळींत रेझोल्यूशन हातात. आयडियल्स मोजत बसायचं कशाला? टोकदारने विचारलेला "खटाटोप कशासाठी" हा प्रश्न मला अजून सुटलेला दिसत नाही.

ध्रुवतारा:
प्रश्न रास्त आहे. टोरिकने जागा मिळते, अगदी पटकन मिळते, पण जागेबरोबर दुसरं काही येत नाही. मॉड्युलाय स्पेस आपल्याबरोबर एक युनिव्हर्सल फॅमिली घेऊन येते: प्रत्येक बिंदूवर त्याचं स्वतःचं क्लस्टर बसलेलं आहे, आणि क्लस्टरचा रिंग घेतला की रँक म्हणजे ग्रुपची ऑर्डर असलेलं बंडल मिळतं. ग्रुप त्यावर काम करतो म्हणून ते रिप्रेझेंटेशन्सनुसार फुटतं, आणि जुनी वहीने सांगितलेली बंडल्स हीच आहेत.

टोकदारच्याच उदाहरणात बघ. साइन रिप्रेझेंटेशनचा (जिथे ग्रुप चिन्ह बदलतो) भाग म्हणजे एक्स आणि वाय यांचं दोन मितींचं अवकाश, भागिले त·एक्स वजा स·वाय ही रेषा. (स, त) पी१ वर फिरवलं की ती रेषा ओ(उणे १) बनते आणि भागाकार ओ(१). म्हणजे साइनच्या लाइन बंडलची त्या पी१ वरची डिग्री (बंडल किती पिळलंय ती संख्या) बरोबर १. रिप्रेझेंटेशनला वक्र मिळाला, आणि कोणी जोडी लावून दिली नाही, ती फॅमिलीतच होती. कोन तोडून ही गोष्ट तुला बाहेरून आणावी लागली असती.

टोकदार:
मी आज ऑर्डर ३ चा सायक्लिक ग्रुप करून बघितला. एक्सचं वजन १, वायचं वजन २ (मॉड ३), म्हणजे जनरेटर त्यांना एकाच्या घनमुळाच्या पहिल्या आणि दुसऱ्या घाताने गुणतो. मोनोमियल क्लस्टर शोधले, एक (एक्स, वायघन), दुसरा (वाय, एक्सघन). मग दोघांना जोडणारा पी१ म्हणजे ए·एक्स अधिक बी·वाय असं आयडियल घेतलं. पण इथे दोन पी१ यायला हवेत आणि मला एकच मिळतोय. कुठे चुकतंय?

संततधार:
चूक तिथेच आहे, ए·एक्स अधिक बी·वाय. एक्स आणि वाय यांची वजनं वेगळी आहेत, त्यामुळे ए आणि बी दोन्ही शून्येतर असतील तर ग्रुप ते आयडियल जागेवर ठेवणार नाही. उणे १ वाल्या उदाहरणात दोघांचं वजन एकच होतं म्हणून चाललं. समान वजनाच्या गोष्टीच मिसळता येतात.

इथे एक्सचं वजन १ आणि वायवर्गाचं वजन ४, म्हणजे १. म्हणून ए·एक्स अधिक बी·वायवर्ग. बी शून्य केलं तर (एक्स, वायघन), ए शून्य केलं तर (एक्सवर्ग, एक्सवाय, वायवर्ग). हा तिसरा मोनोमियल क्लस्टर तुमच्याकडून सुटलाय, त्याच्या रिंगचा बेसिस १, एक्स, वाय. त्याच्या पलीकडे वाय आणि एक्सवर्ग यांचं वजन २, म्हणून सी·वाय अधिक डी·एक्सवर्ग हा दुसरा पी१, जो (वाय, एक्सघन) ला जाऊन मिळतो. तीन बिंदू, दोन पी१, साखळी. वजन १ चं बंडल पहिल्या पी१ वर डिग्री १ आणि दुसऱ्यावर ० (तिथे सगळीकडे एक्सच त्याला जन्म देतो). वजन २ चं बरोबर उलटं. हे लिहिताना कबूल करतो की टोरिकच्या चित्रात ही गोष्ट इतकी नजरेत भरली नसती.

टोकदार:
आता दिसलं, धन्यवाद. मधला क्लस्टर मी "हा तर नुसता शून्याभोवतीचा ढिसाळ गठ्ठा" म्हणून सोडून दिला होता आणि नेमका तोच दोन्ही रेषांचा सांधा निघाला.

उत्सुक_वाचक:
मध्येच विचारते. ग्रुप एसएल२ मध्ये नसून जीएल२ मध्ये असेल, म्हणजे डिटर्मिनंट १ नसेल तर? ऑर्डर ३, एक्स आणि वाय दोघांचं वजन १. माझ्या हिशोबाने पी१ एकच येतोय पण ट्रिव्हियल सोडून रिप्रेझेंटेशन्स दोन आहेत. जोडी बिघडली की.

ध्रुवतारा:
हिशोब बरोबर आहे तुमचा. क्लस्टर म्हणजे ए·एक्स अधिक बी·वाय आणि तिसऱ्या घातापासून पुढचं सगळं, रिंगचा बेसिस १, एल, एलवर्ग. एकच पी१, सेल्फ-इंटरसेक्शन उणे ३. वजन १ च्या बंडलची डिग्री १, वजन २ च्याची २. वक्राशी जोडी लागते ती डिग्री १ वालीची, अशांना स्पेशल रिप्रेझेंटेशन म्हणतात, वुनरामने १९८८ मध्ये हा विचार मांडला. जी-हिल्ब तरीही मिनिमल रेझोल्यूशनच राहतं, ग्रुपमध्ये रिफ्लेक्शन (एक सोडून सगळ्या दिशा जागेवर ठेवणारे घटक) नसतील तर, हे इशीने २००२ मध्ये दाखवलं. रिफ्लेक्शनचं कलम विसरू नका: सगळा ग्रुपच रिफ्लेक्शननी बनलेला असेल तर कोशंट मुळातच गुळगुळीत असतो, सोडवायला काही नसतंच.

जुनी वही:
एसएल आणि जीएल मधला फरक आला म्हणून सांगतो, तीन मितींत हाच फरक कळीचा होतो. तिथे "मिनिमल रेझोल्यूशन" असं एकमेव काही नसतं. मागायचं काय, तर क्रेपंट रेझोल्यूशन, म्हणजे कॅनॉनिकल क्लास (जागेच्या घनफळ-फॉर्मचा हिशोब) वर ओढून नेताना कुठल्याही डिव्हायजरवर (एक मिती कमी असलेल्या तुकड्यावर) जादा काही चिकटत नाही. हा शब्द मायल्स रीडने बनवला, डिस्क्रेपन्सी नाही तो क्रेपंट. इकडे स्ट्रिंग थिअरीवाले डिक्सन, हार्व्ही, वाफा आणि विटन यांनी १९८५ मध्ये ऑर्बिफोल्डच्या ऑयलर नंबरचं सूत्र दिलं होतं, त्यातून अपेक्षा अशी की सोडवलेल्या जागेचा ऑयलर नंबर म्हणजे ग्रुपच्या कॉन्जुगसी क्लासेसची संख्या.

सगळ्यात छोटं उदाहरण: ऑर्डर ३, तिन्ही वजनं १. टोकाच्या जागी पी२ येतो, ऑयलर नंबर ३, क्लासेस पण ३. आणि प्रत्येक घटकाला एक वय असतं, वजनांची बेरीज भागिले ऑर्डर. आयडेंटिटीचं वय ०, जनरेटरचं १, त्याच्या वर्गाचं २, आणि पी२ ची कोहोमॉलॉजी ०, २, ४ डिग्रीत. वय १ वाले घटक क्रेपंट डिव्हायजर देतात हे इटो आणि रीड यांचं. ऑयलर नंबरचं विधान कुठल्याही मितीत, क्रेपंट रेझोल्यूशन असेल तर, बात्यिरेव्हने १९९९ मध्ये सिद्ध केलं.

टोकदार:
पण फोगार्टीचा युक्तिवाद तीन मितींत चालणार नाही ना? तिथे हिल्बर्ट स्कीम फार वाईट असते असं ऐकलंय.

ध्रुवतारा:
नाहीच चालत, आणि म्हणूनच ब्रिजलँड, किंग आणि रीड यांचा २००१ चा निकाल मला या सगळ्या विषयाचं शिखर वाटतो. ग्रुप एसएल३ मध्ये असेल तर जी-हिल्ब गुळगुळीत आहे, क्रेपंट आहे, आणि त्याची डिराइव्हड कॅटेगरी (जागेवरची शीव्ह्ज आणि त्यांच्यातली नाती यांचा एकत्र हिशोब) ही सी३ वरच्या जी-इक्विव्हेरियंट शीव्ह्जच्या डिराइव्हड कॅटेगरीशी समान आहे. नाकामुराने अबेलियन ग्रुपसाठी मोजून दाखवलं होतं, आणि इतर सगळ्या ग्रुप्ससाठी क्रेपंट रेझोल्यूशन असतं हे आधी कळलं होतं ते एकेक केस हाताळून. यांनी यादीला हात न लावता एकदम केलं.

क्रम उलटा आहे हे लक्षात घ्या. आधी जागा गुळगुळीत दाखवली आणि मग कॅटेगरी समान दाखवली असं नाही. युनिव्हर्सल फॅमिली ही कर्नल म्हणून वापरून फूरिये-मुकाई ट्रान्सफॉर्म लिहितात, आणि त्यातूनच, कम्युटेटिव्ह अल्जेब्रातल्या इंटरसेक्शन थिअरमच्या जोरावर, गुळगुळीतपणा बाहेर पडतो. लागते ती एकच अट, मिती एन असेल तर जी-हिल्बचा स्वतःशीच, कोशंटवरचा फायबर प्रॉडक्ट (कोशंटच्या एकाच बिंदूवर बसणाऱ्या बिंदूंच्या जोड्या) घेतला तर त्याची मिती एन अधिक १ पेक्षा जास्त नको. एसएल३ मध्ये टोकावरचा फायबर जास्तीत जास्त दोन मितींचा, दोन अधिक दोन चार, तीन अधिक एकही चार. अगदी काठावर बसतं.

टोकदार:
म्हणजे चार मितींत फसणार?

संततधार:
हो, आणि उदाहरण तुमचंच पहिलं. सी४ वर उणे १. चार उणे एकांचा गुणाकार १, म्हणजे ग्रुप एसएल४ मध्ये आहे. जी-हिल्ब इथेही छान गुळगुळीत, टोकाच्या जागी पी३, नॉर्मल बंडल ओ(उणे २). पण डिस्क्रेपन्सी (तो चिकटणारा जादा भाग) मोजा: एन मितींत ती एन भागिले २ वजा १ येते, म्हणजे दोन मितींत ०, चार मितींत १. क्रेपंट नाही. आणि दुसरं कुठलं क्रेपंट रेझोल्यूशनही असू शकत नाही, कारण उणे १ चं वय इथे २, वय १ वाला घटकच नाही. ध्रुवताराची अट तपासा, तीन अधिक तीन सहा, हवं होतं पाचपर्यंत.

उत्सुक_वाचक:
तीन मितींत एकमेव असं मिनिमल रेझोल्यूशन नसतं म्हणालात, म्हणजे क्रेपंटही अनेक असू शकतात, मग जी-हिल्ब त्यातलं नेमकं कुठलं? बाकीच्यांना मॉड्युलायचा अर्थ नाही का?

ध्रुवतारा:
आहे, आणि हा धाग्यातला सगळ्यात चांगला प्रश्न. ऑर्डर ४ चा ग्रुप घ्या, सी३ वर कुठल्याही दोन कोऑर्डिनेट्सची चिन्हं बदलणारा. एक्स, वाय, झेड यांची कॅरेक्टर्स तिन्ही वेगळी, आणि वायझेडचं कॅरेक्टर एक्सचंच. याची क्रेपंट रेझोल्यूशन्स चार आहेत, एक मधलं सिमेट्रिक आणि त्यातला एकेक वक्र फ्लॉप करून (काढून त्याजागी दुसरा बसवून) मिळणारी तीन. जी-हिल्ब म्हणजे मधलं, त्याचे मोनोमियल क्लस्टर चार: (१, एक्स, वाय, झेड) आणि (१, एक्स, वाय, एक्सवाय) सारखे तीन.

बाकीच्या तिघांसाठी क्लस्टरची व्याख्या सैल करायची. रिंग नको, नुसतं मॉड्यूल चालेल, फक्त ग्लोबल सेक्शन्स रेग्युलर रिप्रेझेंटेशन हवेत. याला जी-कॉन्स्टेलेशन म्हणतात. पण अशी फार होतात म्हणून किंगची १९९४ ची थीटा-स्टॅबिलिटी लावायची: प्रत्येक रिप्रेझेंटेशनला एक संख्या, रेग्युलरवर बेरीज शून्य, आणि प्रत्येक खऱ्या सब-मॉड्यूलवर थीटा धन हवं. ट्रिव्हियल सोडून सगळ्यांना धन संख्या दिल्या तर ट्रिव्हियल असलेलं कुठलंही छोटं सब-मॉड्यूल ऋण होतं, म्हणजे ते असूच शकत नाही, म्हणजे १ पासूनच सगळं निर्माण व्हायला हवं, म्हणजेच क्लस्टर. थीटा सरकवत भिंत ओलांडली की जागा बदलू शकते, काही भिंतींवर फ्लॉप होतो. क्रॉ आणि इशी यांनी २००४ मध्ये दाखवलं की अबेलियन ग्रुपसाठी प्रत्येक प्रोजेक्टिव्ह क्रेपंट रेझोल्यूशन कुठल्या ना कुठल्या थीटासाठी मिळतंच, आणि अबेलियन नसलेल्या ग्रुप्ससाठी ते पुढे यामागिशीने सिद्ध केलं. म्हणजे तीन मितींत मॉड्युलायच्या बाहेर राहिलेलं प्रोजेक्टिव्ह क्रेपंट रेझोल्यूशन नाहीच.

टोकदार:
मी आता ऑर्डर ७ घेतलाय, वजनं १, २, ४. घटकांची वयं काढली, तीन वय १ ची आणि तीन वय २ ची, म्हणजे डिव्हायजर तीन आणि मोनोमियल क्लस्टर सात हवेत. एक्सच्या सातही घातांचा एक (० ते ६), तसेच वाय आणि झेडचे, झाले तीन. चौथा मस्त मिळाला: १, एक्स, वाय, झेड, एक्सवाय, एक्सझेड, वायझेड, वजनं ०, १, २, ४, ३, ५, ६, एकही सुटत नाही. उरलेल्या तिनांवर अडलोय.

संततधार:
चौथ्यापासूनच चाला. एक्सवर्गाचं वजन २, वायचंही २. म्हणजे तिथून निघणाऱ्या एका पी१ वर वाय हळूहळू जातो आणि एक्सवर्ग त्याची जागा घेतो. एक्सवाय असेल तिथे एक्सघन, वायझेड असेल तिथे एक्सवर्ग गुणिले झेड.

टोकदार:
१, एक्स, एक्सवर्ग, एक्सघन, झेड, एक्सझेड, एक्सवर्गझेड. वजनं ०, १, २, ३, ४, ५, ६. बसलं! आणि वजनं दुप्पट केली की १, २, ४ आपसांत फिरतात, म्हणून उरलेले दोन याच्यातूनच अक्षरं फिरवून मिळतात. सात झाले. आणि यातच पुढे झेडच्या जागी एक्सचा चौथा घात आणला की एक्सच्या सात घातांचा क्लस्टर येतो, म्हणजे सगळे एकमेकांना जोडलेलेही आहेत. आता प्रत्येक बंडलची प्रत्येक पी१ वरची डिग्री काढायला बसतो, झालं की तक्ता इथेच टाकतो.